मंचावरून आवड विचारणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
विदर्भातील ग्रामीण शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक, प्राचार्य आणि दरवर्षी करिअर मार्गदर्शन मेळावे भरवणारी सर्व मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावी, एखाद्या मंगल कार्यालयात नाही तर शाळेच्या सभागृहात, ‘पुढे काय?’ अशा नावाचा कार्यक्रम ठरलेला असतो. गुणवंतांचा सत्कार होतो, नागपूर किंवा पुण्याहून आलेले व्याख्याते तासभर बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याचा गाभा बहुतेक वेळा एकच असतो: आपली आवड ओळखा, मनाचा कौल घ्या, जे आवडते तेच करा, पैसा आपोआप मागे येईल. टाळ्या पडतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून मी नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. या टाळ्यांनंतर तीच मुले प्रवेशासाठी कागदपत्रांची पिशवी घेऊन येतात तेव्हा त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आले. त्या अनुभवावरून आपणास विनंती करतो की, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मंचावरून त्यांची आवड विचारणे आपण थांबवावे, आणि एखादे उपयोगाचे काम उत्तम करता येण्याइतके शिकायला त्यांना कुठे व कसे मिळेल, हे सांगण्याची जबाबदारी घ्यावी.

या मेळाव्यांत पुष्कळदा कागद वाटून आवड लिहायला सांगतात. ते कागद ज्यांनी गोळा केले असतील त्यांना उत्तरे पाठ असतील. मुलगे पोलीस, सैन्य, क्रिकेट असे लिहितात, क्वचित कोणी कलेक्टर लिहितो. मुली नर्स, शिक्षिका, पोलीस असे लिहितात. आणि अलीकडे दोघांच्याही कागदांवर मोबाइलवर व्हिडिओ करून नाव कमावण्याची इच्छा दिसते. या उत्तरांना हसण्याचे कारण नाही. झरी जामणी, कुरखेडा किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या मुलाने महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसे कोणती पाहिलेली असतात? गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, ठाण्यातला शिपाई, आरोग्य केंद्रातली सिस्टर, बँकेतला कॅशियर आणि एसटीचा कंडक्टर. उरलेले जग त्याने पडद्यावर पाहिले. डोळ्यांपुढे जेवढे आले त्यातले एक नाव उचलून तो कागदावर लिहितो आणि आपण ती त्याच्या अंतःकरणाची हाक समजतो. ज्या मुलीने माती परीक्षणाची प्रयोगशाळा, शीतगृहातली यंत्रणा, जिनिंगमधली कापसाची प्रतवारी किंवा उपसा सिंचन योजनेचे पंपगृह कधी आतून पाहिलेले नाही, तिला त्यातले काही आवडेल की नाही हे तिला तरी कसे ठाऊक असणार?

पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली विदर्भाच्या प्रत्येक तालुक्यात दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटरची धाव आणि गोळाफेक असते. त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा. ही मुले घेत असलेल्या कष्टांबद्दल मला आदर आहे. परंतु जागा मोजक्या आणि उमेदवार अफाट, हे गणित व्याख्याते कधी फळ्यावर मांडत नाहीत. वयोमर्यादा उलटलेला तरुण जेव्हा वडिलांच्या वावरात परत येतो, तेव्हा त्याच्याजवळ तंदुरुस्त पाय आणि सामान्य ज्ञानाची पाठांतरे असतात, आणि गावात या दोहोंना गिऱ्हाईक नसते. भरतीची तयारी सोडा असे मी कधी कोणाला सांगितले नाही. त्याच वर्षांतल्या दुपारी कुठल्या तरी कामावर हात बसवण्यात घाला, एवढेच सांगत आलो.

आवड माणसाच्या आत तयार असते आणि ती फक्त शोधून काढायची असते, या समजुतीची परीक्षा मानसशास्त्रज्ञांनी घेतलेली आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांना कृष्णविवरांविषयीची एक रंजक चित्रफीत दाखवण्यात आली आणि मग त्याच विषयावरचा एक अवघड शास्त्रीय लेख वाचायला देण्यात आला. आवड ठरलेलीच असते असे मानणाऱ्यांची उत्सुकता लेख जड जाताच जास्त ओसरली. आवड जोपासावी लागते असे मानणाऱ्यांची तेवढी ओसरली नाही. हे संशोधन अमेरिकेतील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर झाले, झेडपीच्या शाळेतून आलेल्या आपल्या मुलांवर झाले नाही, आणि एका प्रयोगावरून सगळे ठरवू नये हेही मी मानतो. तरीपण यंत्रशाळेत जे डोळ्यांनी पाहिले त्याच्याशी ते जुळते. ‘हे माझ्या आवडीचे नाही’ हे वाक्य मुले बहुधा पहिल्या अवघड आठवड्यात उच्चारतात.

माझ्या वर्गात आलेल्या बहुतेक मुलांना वीजतंत्री व्हायचेच नव्हते. कुणाला दुसरा व्यवसाय मिळाला नव्हता, कुणाला वडिलांनी आणून बसवले होते. या मुलांना कामाची गोडी कशी लागते, ते मी जरा तपशिलाने सांगतो, कारण या पत्राचा सगळा भार त्यावर आहे. शेतातल्या विहिरीवरची मोटार जळाली की ती बांधायला, म्हणजे आतली तारेची वेटोळी नव्याने भरून घ्यायला येते. जुनी तार कापून काढण्याआधी काही गोष्टी टिपून घ्याव्या लागतात: वेटोळी बसवायच्या खाचा किती आहेत, एका वेटोळ्याचे दोन हात किती खाचांच्या अंतराने बसवले आहेत, एका वेटोळ्यात तारेचे किती फेरे आहेत, तार कोणत्या गेजची आहे, तिन्ही फेजच्या वेटोळ्यांची जोडणी स्टार पद्धतीची आहे की डेल्टा. यातले एक मोजमाप चुकले तर मोटार जास्त करंट खाते, तापते आणि थोड्याच दिवसांत कास्तकार तीच मोटार बंडीत घालून परत येतो. पाणबुडी मोटारीत तर वेटोळी पाण्यातच राहतात, म्हणून तिला साध्या वार्निशच्या तारेऐवजी प्लास्टिकचे वेष्टन असलेली तार लागते आणि ते वेष्टन खाचेत बसवताना कुठेही खरचटलेले चालत नाही. सुरुवातीचे महिने मुलांची बोटे तारेने कापतात, खाचेतला विद्युतरोधक कागद फाटतो, फेऱ्यांची मोजणी मध्येच विसरते. या काळात त्यांना आवड विचारली असती तर सगळी यंत्रशाळा रिकामी झाली असती.

त्यानंतर केव्हातरी एक टप्पा येतो. जळालेली मोटार उघडल्याबरोबर मुलाला ती का जळाली हे दिसू लागते. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजची वेटोळी काळी आणि तिसऱ्या फेजची कोरी असली, तर लाइनमधला एक फेज गेला असताना मोटार ओढत राहिली. सगळी वेटोळी सारखी काळवंडली असतील, तर विजेच्या कमी दाबाने किंवा जादा भाराने तापली. एकाच जागी काळा डाग असेल, तर तिथले वेष्टन फुटले. हे वाचता येणारा मुलगा कास्तकाराला म्हणतो, ‘काकाजी, मोटार बांधून देतो, पण आधी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्या, एक फेज गेला की तो मोटार बंद करतो, नाही तर हीसुद्धा जळेल.’ ज्याला काल कुणी नावाने ओळखत नव्हते, त्याचे म्हणणे पागोटेवाले वडीलधारे उभे राहून ऐकतात. त्या दिवसापासून तो मुलगा वेळेच्या आधी येतो आणि वेळ संपल्यावरही जात नाही. त्याला काम आवडू लागलेले असते, आणि ते जमू लागले म्हणून आवडू लागलेले असते. हा क्रम उलटा करून मुलांना शिकवल्यामुळे, काम जमण्याआधीच ते आवडले पाहिजे अशी अट ती स्वतःवर घालून घेतात, आणि तसे झाले नाही की आपण चुकीच्या जागी आलो असे समजून दुसरे काही शोधायला निघतात.

आता कौशल्य म्हटले की कुठलेही चालेल असे नाही. ज्या कामाची पंचक्रोशीत गरज आहे आणि जे करणारे थोडे आहेत, अशा कामाला मोल येते, आणि मोल आले की माणसाला आपल्या अटी सांगता येतात: कोणते काम घ्यायचे, कोणते नाकारायचे, घरी कधी यायचे. समाधानाच्या नोकरीविषयी जे काही बोलले जाते त्यातला बराच भाग माझ्या मते या अटी सांगण्याच्या ताकदीत आहे, आणि ती ताकद केवळ प्रमाणपत्राने येत नाही. गेल्या दोन-तीन दशकांत डी.एड.ची जी लाट आली ती आपण सर्वांनी पाहिली आहे. शिक्षकाची नोकरी सन्मानाची म्हणून गावोगावच्या मुलामुलींनी, काहींनी शेताचा तुकडा विकून, प्रवेश घेतले. महाविद्यालये निघत राहिली. पुढे भरती आटली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षेची अट आली, आणि हजारो पदविकाधारक घरी बसले. या मुलांची शिकवण्याची आवड खोटी नव्हती. सगळ्यांच्या हाती एकच प्रमाणपत्र असताना कोणालाच काही मागता येत नाही, हे त्यांना प्रवेशाच्या वेळी कोणी सांगितले नव्हते, आणि सांगायला हवे होते अशांपैकी काही जण या पत्राच्या वाचकांत असतील.

गरज कुठे आहे हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या राज्याच्या योजनेतून शेतीच्या क्षेत्रानुसार ३, ५ आणि ७.५ अश्वशक्तीचे पंप शेतांवर बसत आहेत. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी संपल्यावर त्यांचे कंट्रोलर, पॅनेलच्या जोडण्या आणि मोटारी कोण पाहणार? दुरुस्तीसाठी दरवेळी जिल्ह्याच्या गावाहून माणूस यायचा असेल तर हरभऱ्याचे ओलित तोवर थांबणार नाही. हे काम शिकलेला एक मुलगा प्रत्येक दहा-बारा गावांमागे लागणार आहे, आणि तो आज आपल्याच शाळेत आठवी-नववीत बसलेला आहे.

जुन्या कामांचेही तसेच आहे. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिका संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहेत. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणे, म्हणजे फांदीवरची कळी सालीसह बसवून कलम करणे, हे वरवर पाहता चाकूने चीर देऊन पट्टी बांधण्याचे काम दिसते. खरे तर मातृवृक्ष निवडण्यापासून कसब लागते, डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर भरावा लागतो, कारण फार खाली भरला तर मातीतल्या बुरशीमुळे पुढे झाडाला डिंक्या रोग होतो, आणि हाताची गती अशी लागते की डोळा सुकायच्या आत पट्टी आवळली गेली पाहिजे. ज्याच्या हाताखालची कलमे जास्त जगतात त्याला हंगामात मालक बोलावणे धाडतो. अशा माणसाला कोणत्याही मेळाव्याच्या मंचावर मी अद्याप पाहिलेले नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचे नाव मात्र अनेक व्याख्याते घेतात आणि ‘ध्यास घेतला तर काय होते’ याचे उदाहरण म्हणून घेतात. तिसरीपर्यंत शिकलेल्या या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत तीन वेगळ्या, पिवळसर दाण्यांच्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे वेगळे ठेवले, वेगळे पेरले, वर्षामागून वर्षे निवड करत नेली, आणि त्यातून ‘एचएमटी’ हा बारीक तांदूळ आला, ज्याला एका व्यापाऱ्याने तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. मला या कथेत ध्यासापेक्षा त्या तीन लोंब्या महत्त्वाच्या वाटतात. डोलणाऱ्या धानाच्या पसाऱ्यात तीन लोंब्या निराळ्या आहेत हे ज्याला दिसते, त्याचा डोळा अनेक हंगामांच्या निरखण्याने तयार झालेला असतो. आपण त्या बांधीच्या धुऱ्यावरून चालत गेलो असतो आणि आपल्याला काही दिसले नसते.

दादाजींच्या आयुष्याची दुसरी बाजू व्याख्याते सांगत नाहीत, आणि मला ती झाकता येत नाही. त्यांचे वाण दूरवर पसरले, अनेकांनी त्यावर पैसा केला, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला फारसे काही आले नाही. २०१८ मध्ये ते आजारपणात गेले तेव्हाही आर्थिक ओढग्रस्तीच होती. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क देणारा कायदा २००१ मध्ये झाला, म्हणजे त्यांचे काम लोकांच्या शेतात पोचल्यावर बऱ्याच वर्षांनी. म्हणून कौशल्य शिकवताना त्याचा भाव करणे, नोंद ठेवणे, करारावर सही करण्याआधी तो वाचणे आणि आपले हक्क ठाऊक असणे हेही शिकवावे लागते. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला हिशेब शिकवायचा नाही आणि हिशेब शिकलेल्याने हाताला माती लावायची नाही, अशी विभागणी फार दिवस चालली.

इथे आईवडिलांचे म्हणणे मांडले नाही तर हे पत्र एकांगी होईल. सुतार, लोहार, कुंभार, चांभार या साऱ्यांची कामे गावात जातीला बांधलेली होती, आणि त्या कामांच्या वाट्याला मोबदला कमी व अपमान जास्त येत असे. ज्या बापाने मुलाला खुर्चीवरच्या नोकरीसाठी शिकवले, त्याने ते आळसापोटी केले नाही. त्याला मुलाच्या पिढीत तो अपमान संपवायचा होता. ज्या नागपुरात १९५६ मध्ये लाखोंनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली, त्या नागपूरच्या आसपासच्या गावांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली, हस्तव्यवसायातून गणित, भाषा आणि विज्ञान शिकवण्याची ती योजना होती, आणि ती आपल्या मातीतली म्हणून आपण अभिमानाने सांगतो; पण सूतकताईचे शिक्षण गरिबांच्या मुलांना आणि इंग्रजी शिक्षण इतरांना, असे तर होणार नाही ना, ही शंका तेव्हाही रास्त होती आणि आजही आहे. माझी विनंती वाचून कोणाला ‘सुताराच्या मुलाने सुतारच राहावे’ असे ऐकू आले, तर मी त्याचे विरुद्ध टोक मांडतो आहे हे स्पष्ट करतो. कामाचा वारसा रक्तातून येत नाही. पाटलाच्या मुलाने वेल्डिंग शिकावे, ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मजुरी झाली त्यांच्या मुलीने मृदा परीक्षण शिकावे, आणि दोघांनी शिकलेल्या कामाचे पूर्ण दाम मागावे.

कुणी म्हणेल, मग कलावंत मुलाचे काय? ज्याचे बोट आधीच तबल्यावर किंवा रंगाच्या डबीत आहे त्याच्या वाटेत आडवे येण्याचे पाप कोणी करू नये. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, रंगभूमीवर पाहा. दिवाळीनंतरच्या हंगामात रात्र-रात्र चालणारी नाटके तिथे हजारो लोक तिकीट काढून पाहतात, आणि २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना याच रंगभूमीवरील कामासाठी पद्मश्री मिळाली. त्या मंचावर टिकणारा नट रात्री उशिरा, थंडीत, शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोचवू शकतो; पेटीवाला गायकाची पट्टी घसरली तर तिथल्या तिथे सावरून घेतो. हौस म्हणून आलेले पुष्कळ असतात. कंपनी पुढच्या वर्षी कोणाला बोलावते ते मालकाला विचारून बघावे.

आता आपल्याकडून माझी नेमकी अपेक्षा काय, ते लिहितो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवण्याची आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी शिकण्याची तरतूद आहे. अनेक शाळांत हे दिवस रांगोळी, पतंग आणि सहलीत संपतात. ते खरेच कामाच्या जागी घालवावेत, आणि सहावी ते बारावीच्या मुलांना सुट्ट्यांतही अशी संधी देता येईल असे धोरणातच म्हटले असल्याने नववी ते बारावीच्या मुलांना सुट्ट्यांत सलग काही आठवडे एकाच ठिकाणी बसू द्यावे, कारण एका भेटीत कुतूहल जागे होते, हात बसायला मुक्काम लागतो. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र असेल तर वर्कशॉपवाला, रोपवाटिकावाला, पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. सुरक्षिततेची काळजी मात्र शाळेनेच घ्यायची, आणि मुलांना फुकटचे मजूर म्हणून राबवले जात नाही हेही शाळेनेच पाहायचे.

‘नापास झाला तर आयटीआयला टाकू’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतून हद्दपार व्हावे. १९५० पासून देशात चालू असलेल्या या प्रशिक्षण योजनेत जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), वीजतंत्री यांसारख्या व्यवसायांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि त्यात कार्यशाळा गणित आणि अभियांत्रिकी चित्रकला शिकावी लागते. अपूर्णांक न येणाऱ्या मुलाला तिथे ढकलणे हा त्या मुलावर अन्याय आहे. काही संस्थांतली यंत्रे जुनी आहेत, निदेशकांच्या जागा रिक्त राहतात, ही तक्रार खरी आहे आणि ती संस्थाचालकांनी व लोकप्रतिनिधींनी शासनदरबारी लावून धरावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याची माहितीही मेळाव्यात कोणी देत नाही. भद्रावती आणि भंडाऱ्याजवळच्या आयुध निर्माणी, चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र, वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या कोळसा खाणी, महावितरण, एसटीच्या कार्यशाळा इथे शिकाऊ उमेदवार घेतात आणि विद्यावेतन देतात. अर्ज कुठे आणि कधी करायचा हे दाखवणारा एक तास, प्रेरणेच्या तीन तासांपेक्षा मुलांच्या अधिक उपयोगी पडेल.

मुलींविषयी वेगळे लिहावे लागते, कारण त्यांच्यासाठी मार्गदर्शन अजून शिवणकाम आणि ब्युटी पार्लर यांच्यापुढे सरकत नाही. माझ्या वर्गात आलेल्या मुली थोड्या होत्या; मोजमाप आणि नोंदी यांत त्या बहुधा मुलांच्या पुढे असत, आणि शिक्षण संपल्यावर त्यांना वर्कशॉपवर पाठवायला घर तयार नसे. शाळेने एखाद्या मुलीच्या वडिलांशी घरी जाऊन बोलले तर फरक पडतो. ते काम बाहेरून आलेला व्याख्याता करू शकत नाही, गावातले गुरुजी करू शकतात.

माझ्यासारखे काही निवृत्त निदेशक यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत आहेत. शाळेने बोलावले तर आम्ही स्वखर्चाने येऊ. सत्कार, शाल, हार यांची गरज नाही, एक टेबल, एक जळालेली मोटार आणि पंधरा-वीस मुले पुरेशी आहेत. गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत मोटारी सर्वांत जास्त जळतात आणि वाइंडिंगच्या दुकानांत शिकण्यासारखे सर्वांत जास्त काम असते, तेव्हा कारागिरांना द्यायची पत्रे शाळांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच तयार ठेवावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
जिल्हा यवतमाळ